सारवलेली हद्द

४ जानेवारी
ग्रा.पं.च्या भोंग्यावर सकाळपासून एकच. परवा ड्रोन येणार, वरून गावठाणातल्या घरांचे फोटो काढणार, त्यावरून नकाशा आणि घराचा कागद. ज्यानं त्यानं आपल्या हद्दीवर चुना टाकून ठेवायचा.
आमची हद्द शेवग्याच्या पलीकडून. झाडासकट अंगण माझं, पलीकडे सु.चं घर. माझी सख्खी धाकटी बहीण, त्यात जाऊ. मीच सासूबाईंच्या मागे लागून हिला धाकट्या दिरासाठी आणली. स्वतःच्या हातानं.

५ जानेवारी
मंगरूळपीरच्या बाजारातून आले (मेथी सगळी गेली). पाहते तर चुना पडलेला, झाडाच्या अलीकडून, थेट माझ्या भिंतीला लागून. म्हणजे माझ्या नव्या न्हाणीची जागा तिची झाली. पोरगा महेश पुण्याहून तिच्या विटांचं बघतो म्हणाला होता. गुडघे पार गेलेत, मागच्या न्हाणीत जाताना पावसाळ्यात दोनदा पडले. हिला माहीत नाही असं नाही. दोन्ही वेळा हिनंच उचललं.
विचारलं तर म्हणते, "झाड म्या लावलं व्हतं ना ताई, मंग जागा बी माहीच."
लावलं तिनं. वीस वर्षं पाणी कोणी घातलं?
भांडले नाही. म्हटलं थांब, उद्या दाखवते.

६ जानेवारी
सु. दिरांना घेऊन पहिल्या गाडीनं दवाखान्यात गेली. गाडी हलली तशी शेण कालवलं. सगळं अंगण सारवून काढलं, तिच्या रेघेसकट. बाईमाणसानं अंगण सारवलं तर कोण काय बोलणार? माझी रेघ मुद्दाम ओढली नाही. गरज काय, झाड कुणाचं ते अख्ख्या गावाला ठाऊक.
दहाच्या सुमारास ड्रोन आलं. एवढंसं यंत्र, पण घोंगावणं केवढं! अंगणात उभी राहून पाहिलं. किती दिवसांनी इतकं हलकं वाटलं.
दुपारी सु. परत.
"ताई, चुना कोठी गेला?"
"मले काय माईत वं. म्या तं सारवलं."
तिचं तोंड पाहण्यासारखं झालं. जेवण गोड लागलं. दिरांना काय झालंय ते विचारायचं राहिलं.

२ मार्च
ग्रा.पं.त नकाशा लागला. आम्हा दोघींची घरं मिळून एकच चौकोन. नंबर एक. नावं दोन, खाली-वर.
मोजणीच्या साहेबांना म्हटलं, "साहेब, मंधात हद्द हाये ना!"
"मावशी, वरून रेघच नाही दिसली. सलग सारवलेलं अंगण दिसलं, मग एकच धरलं."
आता वेगळं करायचं तर १४ तारखेच्या आत दोघींनी मिळून हद्द आखून दाखवायची. दोन्हीकडच्या सह्या. नाहीतर हेच कायम. न्हाणी बांधायची तरी तिला विचारून.
सु. मागेच उभी होती. हसली नाही मेली. हसली असती तर चार शब्द सुनावता आले असते.

७ मार्च
शेवग्याच्या शेंगा तोडून घेतल्या. कोवळ्या, तिच्या दारावर लोंबणाऱ्या, सगळ्या. एक ठेवली नाही. ओरडेल वाटलं होतं, तर म्हणाली, "मले काई घाई नाई सहीची."
"मले त्याहून नाई," मी.
रात्री त्या शेंगांचीच आमटी केली. खाववली नाही.

१४ मार्च
शेवटचा दिवस. साहेब अकराला येणार.
दार उघडलं तर सु. अंगणात. पायाशी चुन्याचं टोपलं, हातात सुतळीचं एक टोक. दुसरं माझ्या उंबऱ्याशी टाकलेलं. ताणून धरायला दोन माणसं लागतात.
"ताई, येतं का?" एवढंच. झाडाचं नाव नाही, चुन्याचं नाव नाही.
कुठून आखणार ते ती सांगत नाही, मी विचारणार नाही. माझ्यापुरता चहा केला, तिच्यासमोर उंबऱ्यावर बसून प्यायले. तापू दे जरा उन्हात. इतक्या सहज सोडणार नाही.
बसले खरी, पण आता उठता येत नाहीये. उठायला हात लागतो, आणि तो हात तिथं सुतळी धरून उभा आहे. हाक काही मी मारायची नाही.
साडेदहा झाले.