लडलोची चौथी खेप

लडलो, जून १९४१

प्रिय स्टॅन,

सुखरूप पोचले. तुझा खोकला कसा आहे? छपरावर ताडपत्री टाकलीस का?

आपली डोरीन मजेत आहे. गाल लालबुंद झालेत, बोलतेसुद्धा इथल्यासारखं हेल काढून. प्रॉसरबाई तिला रोज अंडं देतात. बाई फार चांगल्या आहेत, नावं ठेवायला जागाच नाही.

ऑक्टोबरात तिला बॉम्बपासून दूर इथे प्रॉसरबाईंकडे ठेवून मी निघाले तेव्हा पोरीने माझा कोट सोडला नव्हता. नाताळात बर्फ तुडवत स्टेशनापर्यंत आली, पण रडली नाही. एप्रिलमध्ये कोकराला बाटलीने दूध पाजत होती. "थांब गं जरा," म्हणाली, आणि मी गाडीची वेळ होईपर्यंत थांबले.

आता लंडनवरचे बॉम्ब थांबलेत, म्हणून तिला घरी न्यायचं ठरवून आले होते. आज सगळे गवत कापायला शेतावर होतो. डोरीन पडली, गुडघा फुटला. मी हात पसरून धावले. ती "आई! आई!" करत माझ्या शेजारून गेली आणि प्रॉसरबाईंच्या कुशीत शिरली.

बाई ओशाळल्या. "अगं वेडे, तुझी आई ही काय इथे!"

डोरीन हुंदके देत म्हणाली, "हो, पण ती जाणार आहे ना."

मी तिच्याकडे घरी येण्याचा विषयच काढला नाही, स्टॅन.

परवा एकटीच येते. तू स्टेशनावर येऊ नकोस. तिच्यासाठी खाऊ घेऊन उभा राहशील, ते मला बघवणार नाही.

तुझीच,
हिल्डा