नंबरप्लेटवरचा झेंडू

दसरा, संध्याकाळ. चोपडा.

हप्ते थकलेल्या गाड्या शोधण्यात माझी वीस वर्षं गेली, नंबर सगळे तोंडपाठ. आणि साहेब कौतुक करतात माझ्या जोडीला दिलेल्या नीलेशच्या कॅमेऱ्याचं! रस्त्यावरची प्रत्येक नंबरप्लेट वाचतो म्हणे, हवी ती गाडी दिसली की वाजतो. जळतो मी, इथे तरी कशाला लपवू?

आज पूजेमुळे जिकडेतिकडे नंबरप्लेटवर झेंडूचे हार. कॅमेरा दिवसभर मुका! आम्हाला हवी असलेली जीप बाजारात समोरच उभी होती. दाराच्या पोच्यावरून मी ओळखली.

"नाना, काही दिसलं का?" नीलेशने विचारलं.

"नही रे भो."

सांगितलं असतं, तर नीलेशने हार बाजूला सारून कॅमेरा वाजवला असता आणि तीही कॅमेऱ्याच्याच नावावर गेली असती. झेंडूवर काय खूश होतो मी आज!

उद्या हार सुकतील.