वर खाली, खाली मी

चामराजपुरम, म्हैसूर
३ जून १९६३

चि. सौ. तुंगास अण्णाचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

वरचे भाडेकरू वादिराज मास्तर बदलीवर हासनला गेले. वर खाली आहे. सोळा वर्षं त्यांच्या खडावा माझ्या डोक्यावर वाजल्या, रोज चिडलो. आता छताकडे बघत जेवतो.

जागा आपल्या वेंकोजीराव शिंप्याला द्यावी म्हणतो. संध्याकाळी भांडायला माणूस मिळेल. पण कायद्याने भाडेकरू कोण, ते घरभाडे नियंत्रकसाहेब ठरवणार. इथले साहेब वेंकोजीरावाला हो म्हणाले. त्यावर बेंगळूरच्या वरच्या कचेरीने दटावलं, की घरं सरकारी नोकरांसाठी, गावाने मधे पडू नये. नगरपालिका म्हणते, आमची फक्त घरपट्टी. तूर्त जिना माझा, कुलूप सरकारचं.

मुलांना पापा. लोभ आहेच, तो पत्रातूनही दिसू दे.
अण्णा

पुणे, ११ जून

ती. अण्णांस तुंगाचा वाकून नमस्कार. वि. वि.

‘वर खाली आहे’ वाचून घरभर हसू. अहो, इथे खाली म्हणजे तळमजला. रिकाम्याला रिकामं म्हणतात! तुमचं मराठी कानडीत पार मुरलंय.

हे म्हणतात, कुलपाशी भांडत बसण्यापेक्षा पुण्याला या. दोन खोल्यांत सात माणसं आहोत, आठवं मावेल. तोवर कचेरीत टोमणे मारू नका, नीट बोला.

माया आहे तशी असू द्यावी.
तुंगा

चामराजपुरम, २ जुलै

चि. सौ. तुंगास आशीर्वाद. वि. वि.

नीट बोललो, तिथेच घात झाला. बेंगळूरचा कारकून पाहणीला आला. वरचं कुलूप बघून त्याने कानडीत विचारलं, तळमजल्यावर कोण? तुझी शिकवणी डोक्यात, म्हणालो, “नानू खाली.” म्हणजे, मी खाली राहतो. कानडीत झालं, मी रिकामा. त्याने लिहून घेतलं: दोन्ही मजले रिकामे.

काल हुकूम आला. माझा तळमजला कोणा नरसिंहमूर्ती नावाच्या सरकारी नोकराला दिलाय. बरोबर बायको आणि आई. वरच्या मजल्याचा वाद चालूच. बेंगळूरची चूक सापडली म्हणून इथले साहेब हरखलेत. म्हणाले, तुम्ही तिथे राहता एवढं दोन ओळींत द्या, हुकूम रद्द करवतो.

दोन ओळी लिहिल्यात. सही राहिलीय. कारकुनाने लिहिलं ते खोटं आहे, असं सही करून सांगायला हात होत नाही. पुढच्या दोन खोल्या नरसिंहमूर्तींच्या मंडळींसाठी झाडून घेतल्या.

पुण्याला एवढ्यात येत नाही. कोणी दार वाजवलं तर उघडायला माणूस हवा.

आठवण ठेव.
अण्णा