माहेरवाशिणींची खोली

४ फेब्रुवारी

जिल्ह्याचे आरोग्य साहेब म्हणे, "ज्यांच्यासाठी खोली आहे त्या येत नाहीत, आणि येतात त्या आपल्या नाहीत!"

नांदेडला बैठक होती, पुढच्या वर्षाच्या आरोग्य आराखड्याची. पडद्यावर आमचं पळसवाडीचं आरोग्य केंद्र लाल रंगात. बाळंतपणाची खोली बंद, तिचा निधी किनवटच्या रुग्णालयाकडे. का? तर आमच्या हद्दीतल्या गरोदर बायका इथं बाळंत होत नाहीत. होतील कशा? त्या सुना आहेत, बाळंतपणाला माहेरी जातात. आणि इथं येतात त्या या गावांच्या लेकी — कुणी आदिलाबादकडे दिलेली, कुणी हिमायतनगरला. त्यांची नोंद सासरी. म्हणून आराखड्यात त्या नाहीतच!

मी उभी राहिले. सातवा महिना संपलाय, उभं राहायलाही वेळ लागतो. म्हटलं, "शेषेराव साहेब, तुमच्या मुली बाळंतपणाला कुठं आल्या होत्या?"

"मॅडम, घरचं वेगळं. आता तुम्ही डॉक्टर — तुम्ही तरी इथं थांबणार का? जाणारच की उदगीरला, आईकडं!"

सगळे हसले.

"इथंच होणार. माझ्याच खोलीत." बोलून गेले. जीभ आधी, डोकं मागून — लहानपणापासूनचं आहे हे.

५ फेब्रुवारी

उदगीरहून अव्वाचा, माझ्या आईचा फोन. मृत्युंजयनं सांगितलं असणार, माझ्या नवऱ्याच्या तोंडात तीळ भिजत नाही.

"पहिलं बाळंतपण हाय, सुकन्या! माहेरी न्हाई आलीस तर लोक म्हणतील, रत्नम्मा जित्ती हाय का मेली?"

समजवायला गेले. फोन तिनंच आपटला.

१९ फेब्रुवारी

खोली चालू ठेवा म्हणून केलेल्या माझ्या अर्जाला एका ओळीचं उत्तर: निधी हद्दीत राहणाऱ्या लोकसंख्येवर ठरतो.

ठीक. मी इथल्या क्वार्टरमध्ये राहते, माझी नोंदही इथलीच. म्हणजे त्यांच्या हिशेबातली हक्काची बाळंतीण अख्ख्या हद्दीत मीच एकटी! होऊ द्या मग.

२ मार्च

गावातली कोंडाबाई आली. तिची धाकटी दिपाली, तिकडं आदिलाबादकडं दिलेली, दिवस भरत आलेत.

"मॅडम, खोली बंद व्हायलीय म्हणं. लेकीला आणू का नको? घाटातून किनवट गाठायचं म्हंजे..."

तिच्या थोरलीचं घाटातच झालं होतं, जीपमध्ये. मी इथं यायच्या आधी, खोली नव्हती तेव्हा. बाळ राहिलं नाही.

"आण," म्हटलं. "मी हाय." माझ्या तोंडून 'हाय' निघालं की समजावं, बाई खरंच पेटलीय.

११ मार्च

भीती वाटते. इथं लिहिते, बाहेर कुणाला सांगणार? सगळे माझ्या तोंडाकडं बघतात. नुसत्या रागावर बाळंतपण होत नसतं, हे मला कळत नाही का!

धम्मप्रिया, आमची सिस्टर, या खोलीतली बहुतेक बाळं तिच्याच हातांवर आलेली. आज बीपी बघता बघता म्हणाली, "मॅडम, हे चढलं ना, तर तुमचा हट्ट मी ऐकणार न्हाई. उचलून गाडीत टाकीन, थेट किनवट."

"टाक," म्हटलं. फार बरं वाटलं.

२४ मार्च

अव्वा आली! किनवटपर्यंत रेल्वेनं, पुढं काळीपिवळीनं. डिंकाच्या लाडवांचा डबा, जुन्या लुगड्यांची दुपटी, शेकायची शेगडीसुद्धा.

"न्यायला आलीस?"

"न्हाई. ऱ्हायला आले."

हातपाय न धुता आधी खोली बघायला गेली. भिंतीला तळहात लावला. "ओल न्हाई," म्हणाली. एवढंच. मला रडूच कोसळलं.

३१ मार्च

आदेश आला. उद्यापासून खोली बंद. बाळंतपणाचं टेबल आणि बाळाला ऊब द्यायचं यंत्र न्यायला गाडी येईल, सामान मोकळं करून ठेवावं.

मागोमाग साहेबांचा फोन, "मनाला लावून घेऊ नका, मॅडम."

लावून घेणार! मन माझं आहे, ते काही आराखड्यात नाही.

१ एप्रिल

गाडी आली नाही. दिपाली आली. पायांना सूज, चेहरा उतरलेला. तपासलं, बाळ ठीक आहे. "कुठं करायचं, ताई?" विचारत होती. दार उघडंच होतं, दाखवलं.

धम्मप्रियानं विचारलं, "वरून कुणी विचारलं तर?"

"माझं नाव सांग."

३ एप्रिल

मुलगी!

टेबल न्यायला गाडी आली तेव्हा टेबलावर मीच होते. बाहेर अव्वा ड्रायव्हरला सांगत होती, "बस बाबा, चहा घे. मोकळं झालं की देते."

मला खाटेवर हलवलं, धम्मप्रियानं टेबल पुसलं, तेवढ्यात दारात कोंडाबाई.

गाडी रिकामी गेली. आता टेबलावर दिपाली आहे.