नीलगाय नव्हती

अनुग्रह,

म्हातारा चर्चला गेला आहे. खिचडी कुकरमध्ये आहे, दूध तापवलंय. दारातल्या मम्मीच्या चपला हलवू नकोस.

वाघोडिया रोडवरची ती नीलगाय मात्र आज संपली. फोनवर बोलत गाडी चालवत होतास आणि त्यात मम्मी गेली, हे तू इस्पितळातच सांगितलं होतंस. म्हाताऱ्याने ऐकून घेतलं आणि बाहेर येऊन लोकांपुढे गाडीला आडवी आलेली नीलगाय सोडली. पाळकांना सांगताना ती एकटीच होती. शेजारच्या जशीबेनपर्यंत कळप झाला, त्यातला नर लंगडा निघाला. “हाय हाय, शुं वात करो छो, काका!” म्हणून ती रडली. तू खरं बोलायला तोंड उघडलंस, की म्हातारा कळप घेऊन हजर.

त्याला वाटलं, पोराला वाचवतोय. पण तेव्हापासून तू चर्चमध्ये प्रभुभोजनाची भाकर घ्यायला जागेवरून उठत नाहीस. ख्रिस्त माणसांच्या खऱ्या पापांसाठी मेला, म्हाताऱ्याच्या नीलगाईंसाठी नाही. मग तू क्षमा मागणार तरी कशाची? म्हाताऱ्याने तुला केव्हाच क्षमा केली आहे. कळपाच्या गडबडीत सांगायचं राहिलं.

पाळकांना तो एवढंच सांगेल, की नीलगाय नव्हती. पुढचं तुझ्या तोंडून.

आज प्रभुभोजन आहे. म्हातारा सगळ्यांच्या शेवटी पुढे जाईल. गुडघे टेकता येतात त्याला, उठता येत नाही. आजवर मम्मी हात द्यायची.

येताना कुलूप लाव.

पप्पा