विटांवरची अँबॅसिडर

जळगाव,
१२ जानेवारी २०२५

ती. स्व. अक्का हिला अभिमनचा शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र पोचलं. तुला फोनवर ऐकू येत नाही आणि दाजींना बोलता येत नाही, म्हणून आपण दोघं या जमान्यात पोस्टमनला कामाला लावतो, असं मेघा म्हणते. हसू दे तिला. तू पत्र मोठ्याने वाचतेस आणि दाजी खाटेवर पडून ऐकतात, हे ठाऊक असल्यामुळे मीही जरा खुलवून लिहितो. हे पत्र मात्र आधी एकटीने वाच.

गोष्ट अशी आहे. सावद्याचा योगराज परवा घरी आला होता. हा आयटीआयमध्ये माझ्या हाताखाली शिकला आणि इंजिनं सोडून केळीच्या व्यापारात पडला. त्याच्याकडे एक जुनी फियाट आहे. रंग नवा, पत्रा नवा दिसतो, सीटासुद्धा शिवून झाल्यात. फक्त इंजिन जाम आहे. योगराज पडला सहा फूट. त्याचे गुडघे स्टिअरिंगला लागतात, म्हणून त्याला आपली अँबॅसिडर हवी आहे. गाडीला गाडी, वर काही देणं-घेणं नाही, असं म्हणतो.

आपल्या अँबॅसिडरचं तुला सांगायला नको. नऊ वर्षांपूर्वी नशिराबादच्या भंगारवाल्याकडून मी आणि दाजींनी ती ओढून आणली, तेव्हा इंजिन माझं आणि पत्रा दाजींचा, अशी वाटणी झाली होती. महिन्यातले दोन रविवार दाजी पत्र्याची हातोडी आणि लाकडी मोगरी पिशवीत घालून धुळ्याहून एसटीने यायचे. माझं इंजिन कधीच झालं, चावी फिरवली की पहिल्या झटक्याला बोलतं. पण गाडीचा तळ गेलेला, चारी दारं खालून गंजलेली, आणि दाजींना अर्धांगवायू झाला तेव्हापासून दोन वर्षं ती विटांवर उभी आहे. तुझी भावजय कला तिच्या टपावर कुरडया वाळवते. दाजी आले की गाडीभोवती एक फेरी मारून म्हणायचे, बठ्ठं ठीक शे. त्यांचं ते सगळं ठीक ऐकायला कान आसुसले आहेत.

मला काय हवंय ते सरळ लिहितो. दोन वर्षं तू अक्षय्य तृतीयेला, आपल्या आखाजीला, माहेरी आली नाहीस. दाजी वाकडं तोंड घेऊन लोकांत जायला तयार नाहीत आणि तू त्यांना सोडून निघत नाहीस. या आखाजीला मी स्वतः उभ्या केलेल्या गाडीतून मूळ म्हणून यावं आणि तुम्हा दोघांना घेऊन जावं, एवढीच माझी इच्छा आहे. फियाटचं इंजिन मी दीड महिन्यात उठवीन. अँबॅसिडरच्या पत्र्याला आता कोण आहे? वाईट वाटून घेऊ नकोस, पण आहे ते असं आहे. बदलू का गाडी?

लोभ आहेच, त्याला गंज चढू देऊ नये, ही विनंती.

तुझा,
अभिमन

धुळे,
१९ जानेवारी २०२५

चि. अभिमन यास अक्काचे अ. उ. आ.

एकटीने वाच, हे तू पहिल्या परिच्छेदाच्या शेवटी लिहितोस. तोवर मी मोठ्याने वाचायला लागले होते आणि हे उशीला टेकून बसले होते. छत्तीस वर्षं वर्गात धडे वाचलेल्या बाईला मधेच थांबता येत नाही. तेव्हा झालं ते झालं.

मला विचारशील तर बदल. लोखंडात जीव अडकवून कोणाचं भलं झालेलं मी पाहिलेलं नाही. पण यांचं मत वेगळं पडलं. आमची रीत तुला माहीत आहे. खाटेच्या लाकडावर डाव्या हाताने एकदा ठोकलं की हो, दोनदा ठोकलं की नाही. मी रंग नवा, पत्रा नवा दिसतो, इथवर आले आणि हे ठोकायला लागले. दोनदा नव्हे रे, दहा-बारा वेळा! मला आवाज येत नाही, पण हात दिसतो ना. इतका ठाम नकार यांनी आमच्या लग्नाच्या बैठकीतसुद्धा कशाला दिला नव्हता. पुढे विचारायची गरजच नव्हती.

पत्र्याला आता कोण आहे, हेही माझ्या तोंडून वाचून गेलं. त्यावर हे भिंतीकडे तोंड करून निजले आणि दुपारचं जेवले नाहीत. मला फार वाईट वाटलं. तू खोटं लिहिलं नाहीस, पण पस्तीस वर्षं पत्रा ठोकलेल्या माणसाला ते ऐकवायला नको होतं.

कलाला आशीर्वाद. मेघाला म्हणावं, आत्याला पण कधी चार ओळी लिही.

तुझी,
अक्का

जळगाव,
२७ जानेवारी २०२५

ती. स्व. अक्कास, शि. सा. न.

योगराजला नाही म्हणून कळवलं. तो हिरमुसला. मीही तीन दिवस गाडीकडे पाठ फिरवून बसलो. दाजींची मर्जी मोडायची नाही, हे ठरलेलं आहे, पण अक्का, मनात एक गोष्ट राहते. मी एकोणसत्तरचा झालो. एक तरी गाडी रस्त्यावर यावी आणि तिच्या मागच्या सीटवर तुम्ही दोघं बसलेले दिसावेत, असं वाटतं. यात माझा हावरेपणा असेल तर असो.

त्या वाक्याबद्दल दाजींची माफी माग. ही ओळ मोठ्याने वाच. आखाजीला भाड्याची गाडी करून आलो तर येतील का, तेवढं विचारून ठेव.

कुरडयांचा डबा मेघाबरोबर पाठवतो आहे. टपावरच्याच आहेत. माया तशीच ठेव.

अभिमन

धुळे,
६ फेब्रुवारी २०२५

चि. अभिमन, अ. आ.

कुरडया पोचल्या. माफीची ओळ वाचली. यांनी हात नुसता हलवला, म्हणजे सोडून दिलं असावं. भाड्याच्या गाडीला मात्र दोन ठोके पडले, म्हणजे नाही.

आता काळजीचं लिहिते. हे आठ दिवस झाले, दिसेल त्यावर ठोकताहेत. तळव्याने नाही, दाराला कडी नसली की आपण बोट वाकवून ठोकतो तसं. स्टीलचं कपाट, पिठाचा डबा, काल तर डॉक्टरांनी दिलेली चाकाची खुर्ची. ठोकतात आणि कान लावून बसतात. मग तुझ्या पत्राकडे बोट दाखवून भुवया वर करतात. शेजारचे झुलालनाना म्हणाले, कपाटात कोणी आहे असं त्यांना वाटत असेल. मला ते हसण्यावारी नेता आलं नाही. डोक्यात पुन्हा काही झालं तर नाही ना? तुझं उत्तर आलं की डॉक्टरांकडे न्यायचं म्हणते, पण हे घराबाहेर पाऊल टाकतील तर खरं.

लगेच उत्तर पाठव.

अक्का

जळगाव,
१४ फेब्रुवारी २०२५

अक्का, आधी हे वाच, नमस्कार शेवटी घे.

डॉक्टर नको. दाजींचं डोकं लख्ख आहे. मठ्ठ आहोत आपण दोघं भावंडं.

तुझं पत्र वाचताना हातातला चहा तसाच राहिला. दाजी कुठलीही गाडी आली की आधी बोटाने तिला ठोकत फिरायचे. चांगला पत्रा खणखणतो. खड्डा पडून गंजलेल्या जागी लांबी, म्हणजे पुट्टी, भरून वर रंग मारला असेल तर आवाज बसका येतो. डोळ्याला कळत नाही, कानाला कळतं. त्या दिवशी ते नको म्हणत नव्हते. ते विचारत होते, ठोकून पाहिलंस का? आणि अक्का, मी पाहिलं नव्हतं. नऊ वर्षं ते काम त्यांचं, म्हणून माझं बोट कधी पत्र्याला लागलंच नाही. आयटीआयचा निदेशक रंगाला भुलला.

काल मी आणि मेघा सावद्याला गेलो. योगराजच्या गोदामात केळीच्या घडांच्या पलीकडे फियाट उभी आहे. मी ठोकत गेलो, मेघाने फोनवर आवाज घेतला. आठ रेकॉर्डिंग आहेत, कुठलं कुठलं ते ती आधी बोलते. तुझ्या मोबाइलवर पाठवली आहेत. तुला काही ऐकू येणार नाही, तू फक्त फोन दाजींच्या कानाशी धर.

शि. सा. न.
अभिमन

धुळे,
२० फेब्रुवारी २०२५

चि. अभिमन, अ. उ. आ.

फोन धरला. यांनी डोळे मिटले. पहिली तीन रेकॉर्डिंग झाली तरी चेहऱ्यावर काही नाही. मी पाटीवर गाडीचं चित्र काढून दिलं. ते बदकासारखं झालं, पण यांनी निभावून नेलं. चौथ्याला डाव्या हाताने खडू घेतला आणि मागच्या डाव्या दारावर खालच्या बाजूला फुली मारली. सहाव्याला डिकीच्या तळावर. सातव्याला हे हसले. अर्ध्याच तोंडाने हसले, पण आवाज निघाला असावा, कारण झुलालनाना खिडकीतून डोकावले. सातवं पुन्हा लावायला लावलं आणि दारांखालच्या दोन्ही पायदानांवर फुल्या मारल्या.

मी स्वयंपाकघरात जाऊन रडले. एक तर दोन वर्षांनी हसले म्हणून, आणि दुसरं माझ्या शहाणपणाची लाज वाटली म्हणून. पेपर न वाचता मी यांना शून्य देऊन टाकलं होतं.

पाटी घरात आलीच आहे, तर रोज सकाळी डाव्या हाताने बाराखडी घ्यायला सुरुवात केली आहे. विद्यार्थी खोडकर आहे.

तुझी,
अक्का

जळगाव,
२ मार्च २०२५

ती. स्व. अक्का आणि ती. स्व. दाजी, दोघांना शि. सा. न.

तू पाठवलेला पाटीचा फोटो घेऊन पुन्हा सावद्याला गेलो. फुलीच्या जागी स्क्रूड्रायव्हर लावला तर बोटभर लांबी निघाली. डिकीत तर पत्रा नावालाही नाही. योगराजचा चेहरा उतरला, कारण त्यानेही रंग पाहूनच घेतली होती. मग त्याने माझ्याच पाया पडून विचारलं, की ज्यांनी हे धुळ्यात बसून सांगितलं ते घेतात का हो कामं?

पण सौदा संपला नाही. योगराज म्हणतो, ती जबाबदारी माझी. भुसावळला एक पत्र्याचा कारागीर आहे, तो आखाजीच्या आत सगळं कापून नवं बसवून देईल. मग अदलाबदल करू. म्हणजे फियाट घेतली तर आखाजीला मी तुमच्या दारात गाडी घेऊन हजर. अँबॅसिडर ठेवली तर अजून वर्ष, कदाचित दोन, आणि तेही कोणाच्या हाताने, हा प्रश्न आहेच. मला एकट्याला ठरवता येत नाही. गाडी निम्मी दाजींची आहे. दाजी, एकदा ठोकलंत तर फियाट घेतो, दोनदा ठोकलंत तर अँबॅसिडर ठेवतो. मनात काही धरणार नाही.

वाट पाहतो आहे.

अभिमन

धुळे,
१९ मार्च २०२५

चि. अभिमन यास अनेक आशीर्वाद.

उत्तराला उशीर झाला, त्याला कारण आहे. तुझं पत्र वाचून होताच मी खाटेकडे बघत बसले. यांनी एकदाही ठोकलं नाही आणि दोनदाही नाही. पाटी मागितली. मग पाटी पुरेना म्हणून वही मागितली. चार दिवस लिहीत होते, पानं फाडत होते, मला जवळ येऊ देत नव्हते. काल घडी करून माझ्या हातात दिलं. वेलांट्या उलट्या आहेत आणि भाषा पिंपळनेरची अहिराणी आहे, पण मी एक अक्षरही दुरुस्त केलेलं नाही. शिक्षिकेच्या जन्मात पहिल्यांदाच.

आज सकाळी यांनी माळ्याकडे बोट दाखवलं. हातोडी-मोगरीची पिशवी काढून दिली. ती उशाशी घेऊन बसले आहेत. मीही माझी लुगडी उन्हात टाकली आहेत. आखाजी ३० एप्रिलला आहे.

सोबतचा कागद जपून ठेव.

तुझी,
अक्का

अभिमन

गाडी बदलू नको. तिना गंज दिखस. फियाटना दिखत नही.

योगराजले सांग, फियाटले बी लई ये.

आखाजीले मूळ धाड. कोनतीबी गाडी चाली. महिनाभर ऱ्हासू. तू ठोक, मी आयकसू. डावा हात बी शे.

पत्राले कोन शे, इचारस?

मी शे.

ज्ञानेश्वर