टेंभुर्णीच्या बसची पायरी

प्रिय आत्याबाई,

सकाळी जालन्याच्या हॉस्पिटलातून फोन आला होता. "तुमच्या सासूबाईंच्या गुडघ्याच्या ऑपरेशनची तारीख मिळालीय. व्यायाम चालू आहे ना त्यांचा?" मी चटकन "हो" म्हणून बसले! मग पलीकडच्या मुलीला तुम्ही गेल्याचं सांगितलं. तेव्हापासून डोकं ठिकाणावर नाही, म्हणून लिहितेय. दुसऱ्या कोणाला विचारू?

खरं सांगा, तुम्हाला ऑपरेशन करायचं होतं की नव्हतं?

त्या फिजिओथेरपीच्या मॅडमनी किती नीट समजावलं होतं! आधी मांडीचे स्नायू बळकट केले, तर ऑपरेशननंतर लवकर उभ्या राहाल म्हणून. आणि तुम्ही बाहेर आल्याबरोबर माझ्यावरच उखडलात. "गुडघा दुखून राह्यला म्हणून आलो, अन् ही बाई म्हणती व्यायाम कर! मंग डॉक्टर काय करनार?"

भोकरदनला घरी आल्यावर टॉवेलची गुंडाळी तुमच्या गुडघ्याखाली ठेवली, खाली दाबा म्हटलं, तर तुम्ही टॉवेलच फेकलात. मग काय झालं कोण जाणे! हळूहळू तुम्हीच टॉवेल मागायला लागलात. पाय ताठ ठेवून उचलायच्या, हात न टेकता खुर्चीतून उठायच्या. मी स्वयंपाकात असले तरी हाक यायची, "संगीता, बघ गं, बराबर हाय का?" विहारात वंदना झाली की बाकीच्या बायकांनाही पाय पसरून बसवायच्या. किती हसायचो आम्ही!

पण ओट्याची ती उंच पायरी कशाला चढत होता? मॅडमनी एवढ्यात नको म्हटलं होतं ना?

त्या दिवशी मी अंगणवाडीत होते, हे कामावर होते. तुम्ही एकट्याच निघालात आणि टेंभुर्णीची बस धरलीत. माहेरी जाणं तुम्ही सोडलं होतं ते बसच्या पायरीमुळेच. "माणसं खालून ढकलत्यात, लाज वाटती," म्हणायच्या. मग त्या दिवशी चढलात कशा? कोणी हात दिला, की आपल्या आपणच चढलात? आणि सांगितलं का नाही? मी सोबत आले नसते का हो?

दुपारी जुबेदाखालांचा फोन आला. तुमची लहानपणची मैत्रीण, तिकडेच राहिलेली. तुम्ही त्यांच्याकडे जेवलात, जरा पडते म्हणालात, आणि उठलाच नाहीत.

डॉक्टर म्हणाले, हृदय बंद पडलं. व्यायामाला दोष देऊ नका, सुरू करण्याआधी तपासणी झाली होती. पटतं ते. पण हे आल्या-गेल्याला एकच वाक्य सांगत होते, "हिनं मायला चालतं केलं, अन् माय निघूनच गेली." त्यात राग होता का, कौतुक होतं? मला कळलं नाही. त्यांनाही कळलं नसावं.

टेंभुर्णीला गेलात त्याच्या आदल्या संध्याकाळी तुम्हीच यांना म्हणालात, "जल्दी तारीख घे रे बाबा, करून टाकू." आणि दुसऱ्या दिवशी खालांना सांगितलंत, "आता लई दुखत न्हाई. कशाला कापून घेऊ? तुला भेटायचं होतं, भेटले." यातलं खरं कोणतं? मुलाचं मन राखलंत, की मैत्रिणीपुढे ऐट केलीत? की दोन्ही वेळा खरंच तसं वाटत होतं? मी एकदा हे धरते, एकदा ते. ऑपरेशनाशिवायच गेलात म्हणून रडू येतं, आणि स्वतःच्या पायांनी गेलात म्हणून बरंही वाटतं. असं वाटलेलं चालतं का?

परवा खालांचा पुन्हा फोन आला. त्यांचेही गुडघे धरलेत. म्हणाल्या, "तुझी सासू मला शिकवायलाच बसली होती. टॉवेल कुठं ठेवायचा तेवढं बोलली, अन् जेवण झालं. मंग म्हणली, थांब जुबेदा, उठल्यावर सांगते."

आत्याबाई, रविवारी मी टेंभुर्णीला जाते. खालांना आधी डॉक्टरला दाखवीन, ते हो म्हणाले की शेजारी बसून शिकवीन. बाकी मला काही कळत नाही, पण एवढं नक्की करीन. तुम्ही निवांत पडा. राहिलेलं मी सांगते त्यांना.

तुमचीच,
संगीता